यादीत दिसतो, शोधला तर मिळत नाही: पोस्टग्रेसमध्ये ऑपरेटर क्लास बदलल्यावर होणारे घोळ

हा फोन बहुधा सोमवारी सकाळी येतो. शनिवार-रविवारी कुणीतरी सर्व्हर बदललेला असतो, बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवलेला असतो, नाहीतर एखादं फंक्शन 'जरासं' सुधारलेलं असतं. मग ऑफिस उघडतं आणि पलीकडून आवाज येतो, "दादा, यादींत दिसता, पूण सोदल्यार मेळना."

फोंड्याला बसून मी गोव्यातल्या लहान ऑफिसांचे डेटाबेस सांभाळतो. जमीन मोजणीवाले, दोनेक पतसंस्था, म्हापशाचा एक घाऊक व्यापारी. सगळीकडे पोस्टग्रेस. ऑपरेटर क्लासला हात लावल्यावर जे जे बिघडतं ते मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता फोनवर तेच तेच सांगायचा कंटाळा येतो, म्हणून लिहून ठेवतो. आज्ञाही फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग.

पावसाळ्यात फोन आला तर "काल रात्री लाईट गेली होती, म्हणून बिघडलं" हे वाक्य ठरलेलं. लाईट जाणं आपल्याला नवीन नाही आणि पोस्टग्रेसलाही. बदल आधी लॉगमध्ये लिहायचा आणि मग मूळ फाइलला हात लावायचा, ही त्याची पद्धत. त्यामुळे नुसत्या लाईट जाण्याने इंडेक्सचा (शोध झटक्यात व्हावा म्हणून क्रमाने लावून ठेवलेल्या सूचीचा) क्रम उलटसुलट होत नाही. कुणी एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणारं सेटिंग) बंद करून ठेवलं असेल, किंवा डिस्कच 'लिहिलं' म्हणून खोटं सांगत असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी दोष माणसाच्या हाताचा असतो. एकदा माझ्याही हाताचा होता, ते पुढे येईलच.

ऑपरेटर क्लास म्हणजे नेमकं काय

इंडेक्सला दिलेला नियम. या प्रकारच्या दोन किमतींत लहान कुठली, मोठी कुठली, आणि सारख्या कधी मानायच्या. बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सला पाच ऑपरेटर लागतात: <, <=, =, >=, >. शिवाय तुलना करणारं एक फंक्शन, जे ऋण, शून्य किंवा धन आकडा परत देतं. टेक्स्ट, इंटिजर, तारीख यांचे क्लास आयते असतात. आपला स्वतःचा लागतो तो आयता क्रम चालत नाही तेव्हा.

गोव्यात जमिनीचं काम करणाऱ्याला एक-चौदाचा उतारा आणि त्यावरचा सर्व्हे नंबर रोज बघावा लागतो. ११२/२, ११२/१०, ११२/१-अ असे ते नंबर. साध्या टेक्स्टच्या क्रमाने लावले तर ११२/१० हा ११२/२ च्या आधी येतो, आणि काउंटरवरचा माणूस वैतागतो. पणजी-मडगावच्या सिटी सर्व्हेच्या भागात चलता नंबर आणि पी. टी. शीट, तिथेही तेच. हा क्रम माणसाच्या डोळ्याला बरा दिसावा म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका मोजणीवाल्याकडे 'सर्व्हे ऑप्स' नावाचा क्लास लिहून दिला. पुढची बरीच उदाहरणं त्याचीच आहेत.

लक्षणं

एक: बॅकअप चढवताना किंवा इंडेक्स बनवताना 'ऑपरेटर क्लास डज नॉट एक्झिस्ट फॉर अ‍ॅक्सेस मेथड' असा एरर.

दोन: 'मस्ट बी ओनर ऑफ ऑपरेटर क्लास', किंवा क्लास बनवताना 'मस्ट बी सुपरयूझर'.

तीन: 'ऑल्टर ऑपरेटर क्लास'मध्ये नवा ऑपरेटर घालायला गेलात आणि सिंटॅक्स एरर आला.

चार: एरर काहीच नाही, पण कालपर्यंत झटक्यात येणारी क्वेरी आज रखडते.

पाच: एरर नाही, वेगही ठीक, पण उत्तर चूक. नोंद आहे आणि सापडत नाही. युनिक इंडेक्स असून एकच नंबर दोनदा चढलाय.

पहिली तीन दिसायला भयानक, पण ती निरुपद्रवी. पोस्टग्रेस 'नाही' म्हणाला आणि थांबला, एवढंच. पाचवं लक्षण दिसलं तर मात्र नव्या नोंदी घेणं आधी थांबवा आणि मगच पुढचं वाचा. प्रत्येक तासाला नवी दुहेरी नोंद पडत असेल, आणि त्या नंतर निवडत बसणं हे दोष काढण्यापेक्षा मोठं काम आहे.

कुठल्या डेटाबेसात बसलाय ते बघा

'सिलेक्ट करंट डेटाबेस' आणि 'सिलेक्ट व्हर्शन'. दोन मिनिटांचं काम, फुकट. हसू नका. म्हापशाच्या व्यापाऱ्याकडे मी अर्धी सकाळ 'क्लास सापडत नाही' म्हणून घालवली आणि शेवटी कळलं की तिथला मुलगा चाचणीच्या डेटाबेसाला जोडून बसला होता. एक्सटेन्शन (पोस्टग्रेसला वरून जोडायचा भाग) हे सर्व्हरवर टाकलं म्हणून सगळ्या डेटाबेसांत येत नाही. 'क्रिएट एक्सटेन्शन' प्रत्येक डेटाबेसात वेगळं चालवावं लागतं. पीजी ट्रायग्रॅम या एक्सटेन्शनचा 'जिन ट्रायग्रॅम ऑप्स' सापडत नसेल तर निम्म्या वेळा कारण एवढंच.

पीजी डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) फक्त एका टेबलापुरता घेतला असेल तरी हेच होतं. डॅश टी लावून घेतलेल्या डंपमध्ये टेबल येतं, त्याचे इंडेक्स येतात, पण ते ज्या क्लासवर किंवा एक्सटेन्शनवर उभे आहेत ते येत नाहीत.

नाव, स्कीमा आणि मेथड

क्लासचं नाव एकटं पुरत नाही. 'टेक्स्ट ऑप्स' नावाचा क्लास बी-ट्रीसाठी आहे आणि हॅशसाठीही, म्हणून क्लासच्या प्रत्येक आज्ञेत 'यूझिंग बीट्री' किंवा 'यूझिंग हॅश' हा भाग सक्तीचा आहे. मेथड, म्हणजे इंडेक्सचा प्रकार, चुकली की समोर असलेला क्लासही 'नाही' असंच उत्तर येतं.

आवृत्ती १३ किंवा पुढची असेल तर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये) बॅकस्लॅश डी ए सी टाका. मधला ए कॅपिटल, बाकी लहान. सगळे क्लास दिसतील. शेवटी अधिक चिन्ह लावलंत तर फॅमिली आणि मालकही दिसतो. त्यात एक खुबी आहे: एखाद्या नावाआधी स्कीमाचं (डेटाबेसातल्या कप्प्याचं) नाव छापलं गेलं असेल, तर तो क्लास तुमच्या सर्च पाथमध्ये (पोस्टग्रेस ज्या स्कीमांत नावं शोधतो त्या यादीत) नाही असं समजा. काही होस्टिंगवाले एक्सटेन्शनं वेगळ्या स्कीमात ठेवतात, आणि आपली स्क्रिप्ट पब्लिकमध्ये शोधत बसते. उपाय दोन. एकतर स्क्रिप्टमध्ये क्लासचं नाव स्कीमासकट लिहा, नाहीतर त्या रोलचा (डेटाबेसातल्या वापरकर्त्याचा) सर्च पाथ बदला. मी पहिला निवडतो. सर्च पाथ ही कुणी कधी बदलेल सांगता येत नाही अशी चीज आहे.

मालक कोण

'ऑल्टर ऑपरेटर क्लास' चालवायला तो क्लास तुमच्या मालकीचा असावा लागतो. मालकी दुसऱ्याला द्यायची तर त्या रोलला त्या स्कीमात 'क्रिएट'ची परवानगी हवी. क्लास नव्याने बनवायला मात्र सुपरयूझरच लागतो, आणि त्याला कारण आहे: चुकीची व्याख्या सर्व्हरला गोंधळात टाकू शकते, प्रसंगी पाडूही शकते. व्याख्या पूर्ण आहे का, हेसुद्धा 'क्रिएट ऑपरेटर क्लास' तपासत नाही. ती जबाबदारी तुमची.

बॅकअप चढवताना 'रोल डज नॉट एक्झिस्ट' आला तर क्लासमध्ये काही बिघाड नाही. पीजी डंपमध्ये रोल येत नसतात. ते पीजी डंप ऑलने वेगळे काढावे लागतात. रोल बनवा आणि पुन्हा चढवा. क्लाउडवरच्या तयार सेवेत सुपरयूझर मिळत नसेल तर इथेच थांबा, स्वतःचा क्लास तिथे होणार नाही. मग क्रम लावण्यासाठी वेगळा कॉलम ठेवायचा: सर्व्हे नंबर आकड्यात, पोटविभाग आकड्यात, मागचं अक्षर टेक्स्टमध्ये, आणि तिन्हींवर साधा इंडेक्स. खरं सांगायचं तर आज पहिल्यापासून करायचं झालं तर मी हेच करीन.

तुम्हाला नक्की काय बदलायचंय?

निम्मे लोक इथे अडकतात. 'ऑल्टर ऑपरेटर क्लास' या आज्ञेला तीनच गोष्टी येतात: नाव बदलणं, मालक बदलणं, स्कीमा बदलणं. घरावरची पाटी बदलावी तसं. आत कोण राहतं याला ती हात लावत नाही. ऑपरेटर घालणं नाही, फंक्शन बदलणं नाही, डिफॉल्ट करणं किंवा काढणं नाही. तिसरं लक्षण त्यामुळेच येतं.

आतला बदल करायचा तर 'ऑल्टर ऑपरेटर फॅमिली' आहे, त्यात 'अ‍ॅड' आणि 'ड्रॉप' दोन्ही चालतात. फॅमिली ही गोष्ट आवृत्ती ८.३ पासून आली. इंटिजर आणि बिगइंट यांच्यात तुलना करणारे ऑपरेटर एकाच कुटुंबात असावेत, अशा कामासाठी ती. पण फॅमिलीत मागाहून घातलेले सदस्य सुटे राहतात, कुठल्याही क्लासचे होत नाहीत. सुटे सदस्य केव्हाही काढता येतात. क्लास बनवताना जे आत बांधले गेले ते काढायचे तर अख्खा क्लास पाडावा लागतो, आणि त्यावर उभे असलेले इंडेक्सही जातात.

स्कीमा बदलतानाही लक्षात ठेवा की फक्त क्लास हलतो. फॅमिली, ऑपरेटर आणि फंक्शनं जागच्या जागी राहतात. जुना स्कीमा रिकामा झाला समजून पाडायला जाल तर अंगाशी येईल.

एक चांगली गोष्ट: या आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात. 'बिगिन' म्हणा, बदल करा, बघा, नाही पटलं तर 'रोलबॅक'.

एक्सटेन्शनच्या क्लासचं नाव कुणी बदललंय का?

हा दोष दर वेळी बॅकअप चढवताना परत येतो, आणि मूळ मशीनवर कधीच दिसत नाही. म्हणून तो सापडायला वेळ लागतो.

एका पतसंस्थेत कुणा हौशी माणसाने 'जिन ट्रायग्रॅम ऑप्स'चं नाव बदलून संस्थेच्या नावाचं काहीतरी केलं होतं. बदल चालला, शोध चालले, कुणाची तक्रार नाही. कारण इंडेक्स क्लासला नावाने ओळखतच नाही. 'पीजी इंडेक्स' या कॅटलॉगमध्ये क्लासचा ओआयडी, म्हणजे आतला क्रमांक, साठवलेला असतो. पाटी काहीही लावा, क्रमांक तोच.

पण डंप घेताना काय होतं? इंडेक्सची व्याख्या नावाने लिहिली जाते, म्हणजे बदललेल्या नावाने. आणि क्लास स्वतः एक्सटेन्शनचा सदस्य असल्याने डंपमध्ये त्याची व्याख्या येतच नाही, येते ती फक्त 'क्रिएट एक्सटेन्शन' ही एक ओळ. ती नव्या मशीनवर मूळ नावाचा क्लास बनवते. पुढे इंडेक्स बदललेलं नाव मागतो आणि एरर. दर महिन्याच्या बॅकअप चाचणीत तीच ओळ लाल. तिथला माणूस दर वेळी तो इंडेक्स हाताने बनवायचा आणि गप्प बसायचा. मूळ मशीनवर नाव पहिल्यासारखं करायला एक ओळ लागली.

एक्सटेन्शनच्या आतल्या वस्तूला हात लावू नका. स्कीमाच बदलायचा असेल तर अख्खं एक्सटेन्शन 'ऑल्टर एक्सटेन्शन, सेट स्कीमा'ने हलवा, ते जिथे चालतं तिथे.

क्वेरी रखडते तेव्हा

'एक्सप्लेन' लावा. सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, दिसला तर दोनच प्रश्न विचारायचे. इंडेक्स कुठल्या क्लासवर आहे? आणि क्वेरीतला ऑपरेटर त्या क्लासच्या फॅमिलीत आहे का? बॅकस्लॅश डी ए ओ हे दाखवतं.

पतसंस्थेत नावाने शोध असतो. 'लाइक' लावून 'गावक' आणि पुढे टक्केवारीचं चिन्ह, म्हणजे गावकरांची सगळी खाती. कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) सी नसेल तर साधा टेक्स्टचा इंडेक्स या शोधाला उपयोगी पडत नाही. 'टेक्स्ट पॅटर्न ऑप्स' लावून केलेला इंडेक्स लागतो. उलट, त्या इंडेक्सचा साध्या < आणि > ला उपयोग नाही, म्हणून दोन्ही ठेवावे लागतात. जेसनबी प्रकारच्या कॉलमवर 'जेसनबी पाथ ऑप्स' लावला असेल तर की आहे का हे विचारणारे प्रश्नचिन्हाचे ऑपरेटर त्यावर चालत नाहीत. आणि असलेल्या इंडेक्सचा क्लास बदलता येत नाही. नवा बनवा, जुना पाडा.

उत्तरच चुकतंय: फंक्शन बदललं का?

आता माझी चूक. 'सर्व्हे ऑप्स'चं तुलना करणारं पहिलं फंक्शन मी लिहिलं तेव्हा सर्व्हे नंबर आकडा म्हणून तोलला, पण पोटविभाग टेक्स्ट म्हणूनच सोडून दिला. आळस, दुसरं काही नाही. वर्षभराने तिथे नव्याने लागलेल्या मुलाने ते पाहिलं आणि 'क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन'ने नीट केलं. पोटविभागही आकड्याने तोलला जाऊ लागला. कोड बरोबर. पोस्टग्रेसने एका शब्दाने हटकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ११२/१० हरवला.

कसा, ते कागदावर बघा. इंडेक्सच्या एका पानावर जुन्या नियमाने लावलेल्या चार नोंदी: ११२/१, ११२/१०, ११२/२, ११२/३. आता शोधायचाय ११२/१०. शोध मधून सुरू होतो, तिसऱ्या नोंदीवर, ११२/२ वर. नवा नियम म्हणतो दहा दोनपेक्षा मोठा, म्हणजे उजवीकडे जा. उजवीकडे ११२/३. दहा तीनपेक्षाही मोठा, आणखी उजवीकडे. पान संपलं. 'नाही' असं उत्तर. नोंद मात्र डावीकडे बसलेली आहे, तिकडे कुणी बघितलंच नाही.

याच पानावर ११२/१ आणि ११२/३ सापडतात, आणि ११२/२ सुटतो, कारण तो मध्ये दिसला तरी पहिली जुळणारी नोंद हवी म्हणून शोध डावीकडे सरकतो आणि ११२/१० पाशी थांबतो. करून बघा. म्हणून कुणाला लवकर संशय येत नाही. दहा शोधांपैकी बरेच बरोबर येतात, आणि न सापडलेल्यासाठी क्लार्क स्वतःलाच दोष देतो. त्यातून इंडेक्स युनिक असेल तर नवी ११२/१० घालताना पोस्टग्रेस आधी शोधतो, सापडत नाही, आणि खुशाल आत घेतो. यादीत दिसते कारण यादी अख्खं टेबल वाचते. शोध इंडेक्समधून जातो.

फंक्शन 'इम्यूटेबल' आहे असं आपण लिहून देतो तेव्हा ते आपलं वचन असतं. पोस्टग्रेस त्याची खातरजमा करत नाही. आणि इंडेक्स म्हणजे त्या वचनाच्या भरवशावर एकदा लावून ठेवलेला क्रम.

तपासणी स्वस्तातली आधी. त्याच सत्रात 'एनेबल इंडेक्सस्कॅन', 'एनेबल इंडेक्सओन्लीस्कॅन' आणि 'एनेबल बिटमॅपस्कॅन' तिन्ही ऑफ करा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवा. आता नोंद आली, म्हणजे डेटा शाबूत आहे आणि इंडेक्स खोटं बोलतोय. हे कळलं की निम्मा ताण उतरतो.

मग 'एएमचेक' एक्सटेन्शन, जे आवृत्ती १० पासून सोबत येतं. त्यातलं 'बीटी इंडेक्स चेक' त्या इंडेक्सवर चालवा. 'आयटम ऑर्डर इन्व्हेरिअंट व्हायोलेटेड' असं आलं तर निदान पक्कं. 'एएम व्हॅलिडेट' हे वेगळं आहे. ते क्लासचा ओआयडी घेऊन व्याख्येत काही राहून गेलंय का एवढंच सांगतं. आमच्या बाबतीत ते 'ठीक' म्हणालं, आणि खरंच व्याख्या ठीक होती.

आणखी एक बारीक खोड इथेच बघून घ्या. तुलना आणि बरोबर चिन्ह यांचं एकमत आहे का? जुन्या रजिस्टरवरून कुणी ११२/०२ असं टाइप केलं असेल, तर आकड्याने तोलणारं फंक्शन त्याला ११२/२ च्या बरोबरीचं मानतं, शून्य देतं. टेक्स्टचं साधं = मात्र दोन्ही वेगळे म्हणतं. क्लासमध्ये हे = बसवलेलं असेल तर शोध तुलनेत शून्य आलेल्या पहिल्या नोंदीशी पोचतो, = 'नाही' म्हणतं, आणि शोध तिथेच संपू शकतो. रीइंडेक्स करून, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधून, हे जात नाही. फंक्शनमध्ये शेवटी, सगळं सारखं निघालं तर, मूळ टेक्स्ट सी कोलेशनने तोलण्याची एक ओळ घाला, म्हणजे शून्य तेव्हाच येईल जेव्हा अक्षर न् अक्षर सारखं असेल. फंक्शन बदललं, म्हणजे त्यानंतर रीइंडेक्स आलाच.

फंक्शनला कुणी हात लावला नाही, तरी?

मग ऑपरेटिंग सिस्टिम बघा. टेक्स्टचा क्रम बहुतेक ठिकाणी लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीतून येतो, आणि २०१८ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीत तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८, उबुंटू १८.०४ वरून पुढे, अशी उडी मारताना जुनी डेटा डिरेक्टरी तशीच उचलून नेली असेल तर टेक्स्टवरचा कुठलाही इंडेक्स बिघडलेला असू शकतो. तुमच्या क्लासचा त्यात दोष नाही.

चाचणी सोपी आहे. यूएस इंग्लिश यूटीएफ-८ लोकेल लावून सॉर्ट आज्ञेला दोन ओळी द्या: १-१ आणि ११, इंग्रजी अंकांत. ११ आधी आलं तर लायब्ररी जुनी, १-१ आधी आलं तर नवी. आमच्याकडे सर्व्हे नंबरात डॅश ठासून भरलेले, म्हणजे अगदी नेमक्या जागी मार. मुख्य सर्व्हर एका लिनक्सवर आणि रेप्लिका (त्याची चालती प्रत) दुसऱ्यावर असेल तर एकाच डेटाला दोन ठिकाणी दोन उत्तरं येतात.

आवृत्ती १५ पासून डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती नोंदली जाते आणि जुळली नाही तर जोडताना इशारा येतो. 'रिफ्रेश कोलेशन व्हर्शन' चालवलं की इशारा बंद होतो. फक्त इशारा बंद होतो. रीइंडेक्स आधी, ती आज्ञा नंतर. उलट्या क्रमाने केलेले मी दोन ठिकाणी पाहिलेत.

रीइंडेक्स

आधी पीजी डंप घ्या. तुमच्या टेबलांचा डेटा तो टेबलातून सरळ वाचतो, बिघडलेल्या इंडेक्समधून जात नाही, म्हणून याही अवस्थेत तो डेटा पूर्ण येतो.

युनिक इंडेक्स असेल तर आधी दुहेरी नोंदी शोधा. वरच्या तिन्ही सेटिंग ऑफ ठेवून 'ग्रुप बाय' आणि 'हॅविंग काउंट' एकपेक्षा जास्त. त्या निस्तरल्याशिवाय रीइंडेक्स 'कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स' म्हणून थांबेल. दोनांतली कुठली ठेवायची हे तुम्ही ठरवू नका. त्या ऑफिसातल्या जाणत्या माणसाला समोर बसवा. आमच्याकडे एका ११२/१० वर जुना मालक होता आणि दुसऱ्यावर म्युटेशननंतरचा. मला त्यात काय कळणार?

ऑफिस चालू असताना करायचं तर 'रीइंडेक्स इंडेक्स कन्करंटली', आवृत्ती १२ पासून. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि काम संपेपर्यंत दुसऱ्या इंडेक्सएवढी जागा डिस्कवर लागते. मध्येच तुटलं तर 'सीसीन्यू' शेपटीचा अर्धवट इंडेक्स मागे राहतो, तो पाडून पुन्हा सुरू करा. साधं 'रीइंडेक्स' लवकर होतं, पण तोवर टेबलात लिहिता येत नाही. मी संध्याकाळी सहानंतर साधंच करतो.

नियमच बदलायचा असेल तर

जुन्या फंक्शनवर नवं चढवू नका. नव्या नावाचं फंक्शन, नवे ऑपरेटर, नवा क्लास 'सर्व्हे ऑप्स दोन'. ऑपरेटरचं नाव मागाहून बदलता येत नाही, म्हणून ते वेगळ्या स्कीमात ठेवा किंवा वेगळं चिन्ह वापरा, आणि क्वेरीही त्याप्रमाणे बदला. नव्या क्लासवर 'कन्करंटली' इंडेक्स बनवा, एएमचेक चालवा, दहा-वीस अडनिडे नंबर हाताने शोधून बघा. मग जुना इंडेक्स पाडा.

जुना क्लास पाडण्याआधी त्यावर आणखी काय उभं आहे ते बघायची युक्ती: 'बिगिन' करून 'ड्रॉप ऑपरेटर क्लास' म्हणा, कॅस्केड न लावता. काही अवलंबून असेल तर पोस्टग्रेस नकार देतो आणि नावानिशी यादी देतो. मग 'रोलबॅक'. यादी रिकामी होईपर्यंत थांबा. कॅस्केड लावलात तर तेच इंडेक्स विचारपूस न करता उडतील. क्लास गेला तरी आतले ऑपरेटर आणि फंक्शनं जात नाहीत, ती वेगळी काढा.

सगळं झाल्यावर 'ऑल्टर ऑपरेटर क्लास', 'सर्व्हे ऑप्स दोन', 'यूझिंग बीट्री', 'रिनेम टू सर्व्हे ऑप्स'. पाटी बदलली. इंडेक्स क्रमांकाने जोडलेला, त्याला पत्ताही लागत नाही, आणि जुन्या स्क्रिप्ट जुन्या नावाने चालत राहतात. या आज्ञेचा खरा उपयोग मला इथेच होतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

'पीजी ऑपक्लास' किंवा 'पीजी अ‍ॅमॉप' या कॅटलॉगवर थेट 'अपडेट' चालवावा असं मनात आलं, किंवा कुठेतरी तसा उपाय वाचला, तर हात मागे घ्या.

फंक्शन बदललेलं नाही, लायब्ररी बदललेली नाही, तरी एएमचेक ओरडतंय, किंवा रीइंडेक्स केल्यावर आठवड्याभरात पुन्हा ओरडतंय: डिस्क किंवा मेमरी बघावी लागेल. चेकसमचा किंवा 'इनव्हॅलिड पेज'चा एरर असेल तर सर्व्हर बंद करून डेटा डिरेक्टरीची जशीच्या तशी कॉपी काढा आणि फोन करा. त्याआधी काहीही 'दुरुस्त' करू नका, कॉपी हीच पुढच्या माणसाची शिदोरी.

तुलना फंक्शन सी भाषेत लिहिलेलं आहे आणि लिहिणारा निघून गेलाय, तेव्हाही.

आणि दुहेरी नोंदी पैशांच्या खात्यात असतील तर डेटाबेसवाल्याच्याही आधी संस्थेच्या हिशेबनीसाला आणि ऑडिटरला बसवा. पतसंस्थेतल्या दुहेरी नोंदींपैकी एकही मी माझ्या हाताने डिलीट केलेली नाही. यादी छापून दिली, त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या, खाली सही केली, आणि तो कागद फाइलला लावल्यावर मी आज्ञा चालवली.